२५ पौंडाचा गेंडा : डेव्हिड शेफर्ड नावाचं प्रकरण

चित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते असं कुणी विचारलं की मला थोडा वैतागच येतो, कारण उत्तर ठरलेलं असतं, लहानपणी आजोबांबरोबर रानात गेलो, पक्ष्यांचा किलबिलाट ऐकला आणि ब्रश हातात घेतला वगैरे वगैरे. खरं असेलही कुणाचं. पण म्हणूनच मुद्दाम असं एक प्रकरण घेतलंय जिथे प्रेरणा चक्क ऑर्डर म्हणून आली, तीही हवाई दलाकडून, आणि चित्रकाराला तोपर्यंत प्राणी रंगवायचे डोक्यातसुद्धा नव्हते.

माणसाचं नाव डेव्हिड शेफर्ड. ब्रिटिश. जन्म १९३१ लंडनचा, गेला २०१७ मध्ये. हत्ती, वाघ, गेंडे, मागे आफ्रिकेचं मोकळं माळरान, आणि अधूनमधून काळीकुट्ट वाफेची इंजिनं, हा त्याचा पसारा. त्याचं नाव माहीत नसलं तरी कान पसरून समोरून चालत येणारा धुळीतला हत्ती असलेलं त्या धाटणीचं चित्र कुठल्या तरी कॅलेंडरवर किंवा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये तुम्ही बघितलेलं असणार, त्याचं नाहीतर त्याच्या शंभर नकलाकारांपैकी कुणाचं तरी.

प्रकरण म्हणून बघायचंय ते १९६० ते १९७३ मधलं. विमानं रंगवून पोट भरणारा एक माणूस १९६० ला केनियात उतरतो, आणि १३ वर्षांनी त्याच्या एका वाघाच्या चित्रातून भारतातल्या वाघांसाठी सव्वा लाख पौंडांच्या वर रक्कम उभी राहते. मधे नेमकं काय झालं, त्यात योगायोग किती, मेहनत किती, आणि शेवटी त्याचा उपयोग किती झाला, एवढंच बघू.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय १९६० ची गंमत कळणार नाही.

शेफर्डला लहानपणापासून चित्रकार व्हायचंच नव्हतं. शाळेत तो आर्ट रूममध्ये जायचा ते रग्बी चुकवायला, हे तो स्वतःच सांगायचा. त्याला व्हायचं होतं गेम वॉर्डन, म्हणजे आफ्रिकेतल्या रानात जनावरांची राखण करणारा अधिकारी. तर शाळा संपल्यावर १९४९ ला स्वारी थेट केनियात. पोरगं अठरा वर्षांचं, अनुभव शून्य, आणि जाऊन सांगतोय की मला गेम वॉर्डन करा. अर्थातच नाही म्हणाले. तिथल्या तिथे स्वप्न खलास. मग किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनिस्टची नोकरी, आठवड्याला १ पौंड पगार, आणि परतीच्या बोटीचं भाडं जमवायला पक्ष्यांची काही चित्रं काढून विकली. त्या चित्रांकडे त्याने कला म्हणून बघितलंच नाही, ती तिकिटाची सोय होती.

घरी परत आल्यावर समोर दोन रस्ते होते, आणि हे तो आयुष्यभर हसत हसत सांगत राहिला, एक तर बस ड्रायव्हर व्हायचं नाहीतर चित्रकार होऊन उपाशी मरायचं. घरच्यांच्या आधाराने दुसरा निवडला. लंडनच्या स्लेड स्कूल ऑफ फाइन आर्टकडे अर्ज केला. तेव्हाचं त्याचं चित्र म्हणजे हिरव्या समुद्रावर उडणारे सीगल, आणि त्या चित्राची टर त्याच्याइतकी कुणीच उडवली नसेल, म्हणायचा की पक्ष्यांची जात कुठली ते देवालाच माहीत, शरीररचनेच्या हिशेबाने त्या पोजमध्ये कुठलाही पक्षी उडूच शकत नाही, आणि समुद्राचा हिरवा म्हणजे थेट संडासाच्या रंगाचा हिरवा. स्लेडने सांगितलं, याच्यात काही दम नाही, शिकवून उपयोग नाही.

मग एका पार्टीत त्याला रॉबिन गुडविन भेटला. हा व्यावसायिक चित्रकार, समुद्राची चित्रं आणि पोर्ट्रेट करणारा, विद्यार्थी घेत नसे. त्याने काम बघितलं आणि का कुणास ठाऊक, बहुतेक याला शिकवणं म्हणजे एक चॅलेंजच आहे असं वाटून, हो म्हणाला. पुढची तीन वर्षं शेफर्ड त्याच्या हाताखाली घासला. गुडविनची शिकवण सांगायची तर एका ओळीत होते. कलाकार म्हणजे काही वेगळा जीव नाही, इतर लोक जातात तसं रोज सकाळी कामाला लागायचं, मूड येवो न येवो, बिलं भरायची असतात.

आता हे वाचून काहींना कसंतरी होईल. चित्र म्हणजे काय कारकुनी आहे का? मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस गुडविनच. कारण १९६० ला जेव्हा संधी दारात आली तेव्हा शेफर्डकडे प्रेरणा नव्हती पण हात तयार होता. उलटं असतं, म्हणजे हत्तींवर जीव ओवाळून टाकणारा पण हात कच्चा असलेला माणूस असता, तर त्या गेंड्याचं सीगलच झालं असतं.

तीन वर्षांनी शिक्षण संपलं आणि याने विमानं रंगवायला घेतली. हीथ्रो विमानतळावर जाऊन इझल, म्हणजे चित्राची घोडी, मांडून बसायचा. पन्नासचं दशक, विमानं म्हणजे तेव्हा नवलाईची गोष्ट, कंपन्यांना चित्रं हवी असायची. हळूहळू विमानवाल्यांमध्ये नाव झालं आणि ब्रिटिश हवाई दल, म्हणजे आरएएफ, त्याला पाहुणा म्हणून आपल्याच विमानांतून तळांवर न्यायला लागलं. असंच १९६० ला आधी एडन आणि तिथून केनिया.

आणि केनियात पोचल्यावर तिथले हवाई दलाचे लोक त्याला म्हणतात की बाबा, विमानांची चित्रं नकोत, विमानं आम्ही दिवसभर उडवतोच, इथलं काहीतरी काढशील का, हत्तीबित्ती?

डोळ्यापुढे आणा हा प्रसंग. अकरा वर्षांपूर्वी याच देशात हा माणूस प्राण्यांसाठी नोकरी मागायला आला होता आणि हाकलला गेला होता. आता तिथेच लोक सांगतायत की प्राणी काढ. त्याने जन्मात प्राणी रंगवला नव्हता, तिकिटापुरते पक्षी आणि ते सीगल सोडले तर. काढला. धावपट्टीवरचा गेंडा. मोबदला २५ पौंड. ते त्याचं पहिलं वन्यजीव चित्र, आणि त्यानंतर त्याला कामासाठी कधी मागे वळून बघावं लागलं नाही.

पण प्रकरण इथे संपलं असतं तर शेफर्ड हा फक्त एक चांगला चालणारा चित्रकार म्हणून उरला असता. त्याच १९६० साली, आजच्या टांझानियात, तेव्हाच्या टांगानिकात, तो एका पाणवठ्यावर पोचला. चोरट्या शिकाऱ्यांनी पाण्यात विष कालवलेलं होतं. भोवती झेब्रे मरून पडलेले होते. २५५.

हा आकडा त्याने आयुष्यभर सांगितला, प्रत्येक भाषणात. मला त्यात लक्षात राहतं ते की तो 'शेकडो' म्हणत नाही, दोनशे पंचावन्न म्हणतो. कुणीतरी मोजले असणार. त्या वासात, त्या माश्यांमध्ये एक एक करून. बघून हळहळणं आणि मोजणं यात फरक आहे, मोजणाऱ्याला काहीतरी करावंसं वाटत असतं. आणि विषारी पाण्याचा प्रकार असा की ते निवड करत नाही, शिकाऱ्याला हवी ती चार जनावरं मरतात, नको ती दोनशे मरतात, गिधाडं येऊन तेच मांस खातात आणि तीही मरतात.

त्याने पुढे जे केलं त्याचं कारण तो अगदी व्यवहाराच्या भाषेत द्यायचा. प्राण्यांनी मला यश दिलं, मी त्यांचं देणं लागतो. गेंड्याचे २५ पौंड आणि पाणवठ्यावरचे झेब्रे ही दोन्ही एकाच वर्षातली, एकीकडे प्राण्यांच्या जिवावर दुकान चालू झालं आणि दुसरीकडे त्याच प्राण्यांची प्रेतं बघितली. माझ्या मते त्याची प्रेरणा म्हणजे हीच उधारी. निसर्गप्रेम होतंच, ते अठराव्या वर्षीही होतं, पण त्या प्रेमाने तेव्हा फक्त हॉटेलची नोकरी मिळाली. पुढची ५७ वर्षं ज्याने त्याला रोज स्टुडिओत बसवलं ती उधारी. रोजची सवय गुडविनने लावली होतीच, आता त्याला कारण मिळालं.

थोडं चित्राबद्दल बोलू, नाहीतर हा सगळा पैशाचा हिशेब होऊन बसेल.

हत्ती रंगवायला घेतला की पहिली चूक सगळेच करतात, मीही केली, ती म्हणजे ट्यूबमधला काळा आणि पांढरा मिसळून राखाडी बनवायचा. होतो काय तर सिमेंटचा हत्ती. कुणीतरी नंतर सांगितलं की अल्ट्रामरीन ब्लू, म्हणजे गडद निळा, आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळ, आणि एकदम जीव आला, निळा जास्त पडला तर सावलीतला गार राखाडी, सिएना जास्त पडला तर उन्हात तापलेला कोरडा. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढे आहे. हत्तीला स्वतःचा रंग असा फारसा नसतोच, तो जिथे लोळतो त्या मातीचा असतो. केनियातच बघा, साव्होचे हत्ती विटेसारखे तांबडे, कारण तिथली माती लाल. अंबोसेलीचे पिठात लोळल्यासारखे पांढुरके, कारण तिथे सुकलेल्या तळ्याची बारीक भुकटी उडत असते आणि मागे ५८९५ मीटरचा किलिमांजारो. म्हणजे हत्तीवर जो रंग लावायचा तोच जमिनीवर, तोच हवेत. हत्ती वेगळा आणि लँडस्केप वेगळं असं करताच येत नाही. स्टुडिओत फोटो बघून हत्ती काढला आणि मग मागे 'बॅकग्राउंड' भरली की लगेच पकडलं जातं, हत्ती स्टिकरसारखा चिकटवलेला दिसतो. शेफर्डच्या चांगल्या चित्रांत धूळ हेच मुख्य पात्र असतं, पायांची कडा कुठे संपते आणि धूळ कुठे सुरू होते ते नीट सांगता येत नाही.

त्याच्या चांगल्या चित्रांत, असं म्हटलं मी. सगळ्या नाही. काही फार गोड आहेत, समीक्षकांनी त्यावरून त्याला कायम नाकारलं, त्यांच्या लेखी हा कॅलेंडरवाला. मला ते पूर्ण चूक वाटत नाही. त्याच्या हत्तींच्या डोळ्यांत कधीकधी माणसाचं शहाणपण घातलेलं असतं, जे हत्तीचं नाही, आपल्याला बघायला आवडतं म्हणून घातलेलं. पण गंमत अशी की जो गोडवा समीक्षकांना खटकला त्यानेच पुढचा पैसा आणला.

१९६२ ला त्याच्या 'वाइज ओल्ड एलिफंट' या चित्राचे प्रिंट निघाले आणि ब्रिटनमधल्या बूट्स या औषधाच्या साखळी दुकानांतून विकले गेले. औषधाच्या दुकानात चित्र! लोक खोकल्याचं औषध घ्यायला गेले आणि हत्ती घेऊन आले. आणि इथेच या प्रकरणातली आर्थिक चावी आहे. मूळ कॅनव्हास एकदाच विकला जातो, एका घरात जातो, चित्रकाराला एकदाच पैसे. प्रिंट हजार घरांत जातो. त्यातही मर्यादित प्रती काढायच्या, प्रत्येकीवर चित्रकाराची सही आणि नंबर, म्हणजे घेणाऱ्याला आपल्याकडे काहीतरी खास आहे असं वाटतं आणि किंमत चांगली लावता येते. मग ठरवून एखाद्या चित्राची विक्री देऊन टाकायची. चित्रकाराचं जातं एक चित्र, काही आठवडे आणि हजार सह्या करून दुखलेलं मनगट, समोर उभी राहते अशी रक्कम जी तो खिशातून कधीच देऊ शकला नसता. देणगी मागायला गेलं की माणूस दहा पौंड देताना विचार करतो, पण भिंतीवर लावायला वाघ मिळणार असेल तर दीडशेही देतो. मनुष्यस्वभाव.

आता वाघ.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात काय चाललं होतं ते आपल्याला माहीत असतं पण आकडे विसरतो. १९६९ ला दिल्लीत आययूसीएनची, म्हणजे निसर्ग राखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, जागतिक सभा झाली आणि वाघांची अवस्था चव्हाट्यावर आली. १९७० ला वाघांच्या शिकारीवर बंदी. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा, त्याच वर्षी पहिली देशव्यापी गणना, पायांच्या ठशांवरून केलेली, आकडा आला १८२७. ठशांवरून मोजणं किती भरवशाचं यावर नंतर भरपूर वाद झाले, पण त्या वेळी तेवढा आकडा पुरेसा होता हादरायला. तिकडे डब्ल्यूडब्ल्यूएफ या जागतिक वन्यजीव संस्थेने 'ऑपरेशन टायगर' नावाने जगभर निधी गोळा करायला घेतला, तिच्या संस्थापकांपैकी एक गाय माउंटफर्ट इंदिरा गांधींना भेटला, दहा लाख डॉलर उभे करायचं कबूल झालं, आणि १ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला. पहिले नऊ राखीव प्रकल्प, त्यात आपलं मेळघाट एक.

त्याच १९७३ ला शेफर्डने 'टायगर फायर' हे चित्र दिलं. त्याच्या प्रिंट्सच्या विक्रीतून ऑपरेशन टायगरसाठी साधारण १ लाख २७ हजार पौंड उभे राहिले. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता, पौंडाला १९ रुपयांच्या आसपास, म्हणजे हिशेब करा, जवळपास २४ लाख रुपये. १९७३ चे २४ लाख. एका चित्रातून. दहा लाख डॉलरच्या त्या मोठ्या लक्ष्यापुढे ठेवूनसुद्धा हा तुकडा लहान दिसत नाही. आणि वाघ हा काही त्याचा रोजचा विषय नव्हता, त्याची खरी जागा आफ्रिका, आपल्या सालाच्या किंवा सागाच्या रानात तो वाढलेला नव्हता. तरी उधारी म्हटली की ती फक्त आपल्याला आवडणाऱ्या सावकाराचीच फेडायची असं नसतं, त्याला बहुतेक असंच वाटलं असावं.

अशी चित्रं देण्याचा त्याला नादच होता. झांबियातल्या चोरट्या शिकारीविरुद्ध गस्त घालायला हेलिकॉप्टर हवं होतं, तर अमेरिकेत चित्रांचा लिलाव करून बेल जेट रेंजर घेतलं आणि दिलं. झांबियाचे अध्यक्ष केनेथ काउंडा यांनी बदल्यात काय द्यावं? १८९६ सालचं वाफेचं इंजिन! कारण त्याला इंजिनांचं वेड आहे हे एव्हाना सगळ्या जगाला माहीत होतं. आणि तो ते खरंच बोटीत घालून इंग्लंडला घेऊन आला.

या इंजिनांवर दोन शब्द, कारण ही वरवर दिसते तितकी आडवाट नाहीये. १९६७ ला, न्यूयॉर्कचं प्रदर्शन चांगलं गेल्यावर, त्याने ब्रिटिश रेल्वेकडून दोन मोठी वाफेची इंजिनं विकत घेतली, एकाचं नाव ठेवलं ब्लॅक प्रिन्स, दुसऱ्याचं ग्रीन नाइट. लोक प्रदर्शनाच्या पैशातून गाडी घेतात, घर घेतात. याने आगगाडी घेतली. तेव्हा ब्रिटनमध्ये वाफेची इंजिनं भराभर भंगारात चालली होती, ऑगस्ट १९६८ ला तर मुख्य मार्गांवरून ती संपलीच. शेवटच्या काळात हा माणूस लंडनच्या नाइन एल्म्ससारख्या शेडमध्ये, काजळी, तेल, फुटक्या काचांमधून येणारा उजेड, असल्या घाणीत बसून चित्रं करत होता. आता ते इंजिन आणि त्याचा म्हातारा हत्ती शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही अवाढव्य, दोन्ही राखाडी-काळे, दोन्ही धुळीत-धुरात अर्धे बुडालेले, दोघांचेही दिवस भरत आलेले. माझा असा पक्का समज झालाय की शेफर्ड प्राणी रंगवत नव्हताच, तो डोळ्यासमोर संपत चाललेल्या मोठ्या गोष्टी रंगवत होता. त्यातल्या काही श्वास घेत होत्या इतकंच.

बरं, आता परिणाम. इथे मला थोडं कडू बोलावं लागेल, कारण या माणसाबद्दल लिहिताना लोक फार लवकर टाळ्या वाजवायला लागतात.

झांबियाला हेलिकॉप्टर मिळालं. पण गेंड्याच्या शिंगाची मागणी पूर्व आशियात आणि येमेनमध्ये इतकी वाढली होती, येमेनमध्ये जांबियाच्या, म्हणजे त्यांच्या कमरेच्या खंजिराच्या मुठीसाठी, की एक काय दहा हेलिकॉप्टरं असती तरी पुरी पडली नसती. संपूर्ण आफ्रिकेत १९७० च्या सुमारास ६५ हजारांच्या घरात असलेले काळे गेंडे १९९५ पर्यंत अडीच हजारांच्याही खाली आले. झांबियात १९९८ ला काळा गेंडा नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ज्या प्राण्याच्या चित्राने शेफर्डचं दुकान सुरू झालं, तो प्राणी, ज्या देशाला त्याने हेलिकॉप्टर दिलं, त्या देशातून संपला. २००३ ला दक्षिण आफ्रिकेतून काही गेंडे आणून झांबियातल्या नॉर्थ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात सोडले, आता तिथे पुन्हा वाढतायत, पण ते आणलेले. हत्तींचंही तेच, १९७९ ला १३ लाखांच्या आसपास धरले जात होते, दहाच वर्षांत निम्मे. तेव्हा कुठे १९८९ ला हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि ती आणली करारांनी, चित्रांनी नाही.

वाघाचं पारडं थोडं बरं. तरी राजस्थानातल्या सरिस्कामधून २००४-०५ मध्ये सगळे वाघ गायब झाल्याचं उघड झालं, त्यानंतर नव्या पद्धतीने मोजले तर देशभरात १४११ निघाले. मग पुन्हा कंबर कसली गेली, आणि २०२२ च्या गणनेत अंदाज ३६८२ वर पोचला. यात 'टायगर फायर'चा वाटा किती? काढताच येणार नाही, काढू पण नये. पहिल्या वर्षांतला पैसा होता, त्यातून कामं उभी राहिली, एवढं म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट, जी या चित्रांत कधीच दिसत नाही, ती म्हणजे माणसं. शेफर्डच्या आफ्रिकेत हत्ती आहेत, धूळ आहे, छत्रीसारख्या बाभळी आहेत, गुराखी क्वचितच. आपल्याकडे वाघांसाठी गावं उठवली गेली, कान्हात, मेळघाटात, आणि त्या उठलेल्या लोकांचं पुढे काय झालं हा वेगळाच विषय आहे. लंडनमध्ये भिंतीवर वाघ लावणाऱ्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. चित्रकाराचा दोष म्हणू नये, चौकटीत काय घ्यायचं हे त्याचं त्याने ठरवायचं असतं, पण चौकटीबाहेर काय राहिलं ते बघणाऱ्याने तरी विसरू नये.

मग त्याने काय मिळवलं? १९८४ ला त्याने स्वतःच्या नावाने वन्यजीव प्रतिष्ठान काढलं, म्हणजे एक एक चित्र सुटंसुटं देण्याऐवजी कायमची व्यवस्था. आफ्रिका आणि आशियातल्या गस्तपथकांना, चोरट्या शिकारीच्या तपासाला, अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्यांना त्यातून पैसे जायला लागले, आणि तो गेल्यावरही संस्था चालू आहे, घरातली पुढची पिढीही ब्रश घेऊन त्यात आहे. मला यातली हुशारी अशी वाटते की उधारी एका माणसाच्या आयुष्यात फिटणार नाही हे त्याने मान्य केलं आणि हप्ते बांधून ठेवले.

राहिलं स्लेडचं. शेफर्डची गोष्ट सांगताना सगळे शेवटी स्लेडला नावं ठेवतात, बघा, एवढ्या मोठ्या माणसाला नापास केलं. मला नाही पटत. त्यांच्या टेबलावर होते ते सीगल, वाकडे पंख, कुठल्याच जातीचे नसलेले, आणि खाली तो संडासाचा हिरवा. त्या टेबलापलीकडे मी असतो तर मीही नापासच केला असता, त्या कागदावर गेंडा नव्हताच कुठे. गुडविनसमोरही तसलंच काम होतं. त्यालाही त्यात गेंडा दिसला नसणार. तरी तो ये म्हणाला.